घरच्या दुर्बिणीतून चंद्रग्रहण: पॉवर कमी ठेवा, वेळ भरपूर ठेवा

चंद्रग्रहण बघायला दुर्बीण लागतेच असं काही नाही, नुसत्या डोळ्यांनीही ते छान दिसतं. पण घरात ६० किंवा ७० मिलिमीटर व्यासाच्या लेन्सची साधीशी दुर्बीण असेल तर त्या रात्री ती बाहेर काढाच, कारण सावलीची कड एकेका विवरावरून सरकताना बघणं, त्या कडेला थोडाच वेळ दिसणारी निळसर झाक, आणि तांबड्या चंद्राआड झटकन विझणारे बारीक तारे, या गोष्टी दुर्बिणीशिवाय नीट हाती लागत नाहीत. मोटरवालं माऊंट, म्हणजे दुर्बीण आपोआप फिरवणारी बैठक, नसलं तरी चालतं, काळोखं आकाश शोधत लांब जायचीही गरज नाही. गच्ची, अंगण, बाल्कनी, जिथून चंद्र दिसतो तिथून ग्रहण दिसतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते. नवीन माणसाच्या हातात दुर्बीण आली की तो आधी सगळ्यात जास्त पॉवरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावतो, आणि ग्रहणाच्या रात्री नेमकं उलटं करायचं असतं. ग्रहणात बघायची असते सावली आणि बघायचा असतो रंग, आणि हे दोन्ही अख्खा चंद्र एका नजरेत मावला तरच कळतं. पृथ्वीच्या सावलीची कड मुळात धारदार नसतेच, थोडी धुरकट असते, त्यामुळे जितकं मोठं करून बघाल तितकी ती अजून पसरट दिसते आणि शेवटी सावली कुठे सुरू होते तेच समजेनासं होतं.

आधी ग्रहण कुठलं आहे ते नीट बघा

पृथ्वीच्या सावलीचे दोन भाग असतात, मधली गडद प्रच्छाया आणि तिच्याभोवतीची फिकट उपच्छाया. चंद्र नुसत्या उपच्छायेतून गेला तर ते छायाकल्प ग्रहण, प्रच्छायेत थोडासा शिरला तर खंडग्रास, आणि पूर्ण बुडाला तर खग्रास. नवीन असाल तर पहिलं ग्रहण खग्रास किंवा निदान मोठं खंडग्रास निवडा. छायाकल्प ग्रहणात चंद्राची एक बाजू जराशी मळकट दिसते, बस तेवढंच, आणि काय बघायचं हे माहीत नसेल तर तेही लक्षात येत नाही, मग लोक म्हणतात काही झालंच नाही.

तारखांचं म्हणाल तर २०२६ मध्ये ३ मार्चचं खग्रास आणि २८ ऑगस्टचं खंडग्रास, ज्यात चंद्राचा जवळजवळ ९३ टक्के व्यास प्रच्छायेत जातो. २०२७ मधली सगळी चंद्रग्रहणं छायाकल्प. मग ३१ डिसेंबर २०२८ ला खग्रास, आणि २६ जून २०२९ चं तर फार मोठं, त्यात चंद्र साधारण १०२ मिनिटं पूर्ण सावलीत असतो. अर्थात प्रत्येक ग्रहण प्रत्येक ठिकाणाहून दिसत नाही. त्या वेळी तुमच्याकडे चंद्र क्षितिजाच्या वर असला पाहिजे, साधा नियम आहे.

वेळेच्या बाबतीत चंद्रग्रहण सूर्यग्रहणापेक्षा खूप सोपं. चंद्र खरोखरच सावलीत जातो, त्यामुळे जिथून जिथून तो दिसतो तिथे सगळ्यांना ग्रहण त्याच क्षणी सुरू होतं आणि त्याच क्षणी संपतं, फरक फक्त घड्याळातल्या स्थानिक वेळेचा. पण वेळापत्रकं बहुतेक वेळा जागतिक वेळेत म्हणजे यूटीमध्ये असतात, आणि ती आपल्या वेळेत बदलताना तारीखसुद्धा बदलू शकते, तिथे नीट लक्ष द्या. ग्रहण पहाटेचं असेल तर ते आदल्या रात्रीचं की पुढच्या रात्रीचं हा घोळ हमखास होतो. या पाच क्षणांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा: स्पर्श म्हणजे चंद्र प्रच्छायेला टेकतो तो क्षण, संमीलन म्हणजे पूर्ण बुडतो तो, मग मध्य, मग उन्मीलन म्हणजे पहिली उजळ कड बाहेर येते तो, आणि शेवटी मोक्ष. स्पर्शापासून संमीलनापर्यंत ढोबळमानाने एक तास जातो, खग्रास अवस्था काही मिनिटांपासून अगदी पावणेदोन तासांपर्यंत कितीही असू शकते, आणि बाहेर पडायला परत एक तास. उपच्छाया धरून सगळा कार्यक्रम पाच-सहा तासांचा होतो.

जागा

ग्रहणाचा चंद्र नेहमी पौर्णिमेचा, म्हणजे सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला. संध्याकाळी पूर्वेला उगवतो, मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात उंच असतो आणि पहाटे पश्चिमेला मावळतो. हिवाळ्यातली पौर्णिमा आकाशात उंचावरून जाते, उन्हाळ्यातली खालून. म्हणून उन्हाळ्यातल्या ग्रहणाला समोरची इमारत किंवा झाड आड येण्याची शक्यता जास्त.

याची खात्री करायची सोपी युक्ती आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, तर ग्रहणाच्या आदल्या रात्री, ग्रहणाच्या वेळेच्या ५० मिनिटं आधी, तुम्ही जिथे दुर्बीण मांडणार आहात तिथेच उभे राहा आणि चंद्र कुठे आहे बघा. दुसऱ्या दिवशी तो जवळपास तिथेच असेल. स्पर्श, मध्य आणि मोक्ष अशा तिन्ही वेळांसाठी हे केलंत तर मध्येच दुर्बीण उचलून दुसरीकडे न्यायची वेळ येणार नाही.

खिडकीच्या काचेतून बघू नका. घराच्या काचा दुर्बिणीसाठी बनवलेल्या नसतात, चंद्राच्या दोन-दोन कडा दिसायला लागतात. आणि खिडकी उघडली तरी आतली गरम हवा बाहेर जाताना प्रतिमा पाण्याखाली ठेवल्यासारखी हलते. दिवसभर तापलेली गच्ची किंवा पत्रा यांचंही तेच होतं, शक्य असेल तर माती किंवा गवतावर उभं राहा.

दुर्बीण आणि आयपीस

हिशोब एवढाच की दुर्बिणीचं नाभीय अंतर (लेन्स किंवा आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं) भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे पॉवर. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि २५ मिलिमीटरचा आयपीस असेल तर २८ पट. साध्या आयपीसचं स्वतःचं दृश्यक्षेत्र ५० अंशांच्या आसपास असतं, त्याला २८ ने भागलं की आले जवळपास १.८ अंश. चंद्र असतो अर्धा अंश, म्हणजे तो आजूबाजूच्या ताऱ्यांसकट आरामात मावतो. १२०० मिलिमीटरच्या डॉब्सोनियनवर (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) तोच आयपीस ४८ पट पॉवर आणि साधारण एक अंशाचं क्षेत्र देतो, तेही उत्तम. पण २००० मिलिमीटरवाली आखूड, जाड नळीची दुर्बीण असेल तर २५ च्या आयपीसमध्ये चंद्र कसाबसा बसतो, तिथे ४० चा आयपीस घ्या. क्षेत्र एक अंशाच्या खाली जाऊ देऊ नका असं माझं ठाम मत आहे. पॉवर वाढवणारी बार्लो लेन्स त्या रात्री डबीतच राहू द्या.

चंद्रासाठीचा जो गडद फिल्टर येतो तो ग्रहण लागायच्या आधी वापरला तर डोळ्यांना बरं वाटतं, कारण दुर्बिणीतून पौर्णिमेचा चंद्र चांगलाच डोळे दिपवतो. पण सावली चढायला लागली की तो काढून ठेवा, आणि खग्रासच्या आधी तर आठवणीने काढाच. सूर्याच्या फिल्टरचं इथे काही काम नाही. चंद्रग्रहण कुठल्याही टप्प्याला उघड्या डोळ्यांनी आणि दुर्बिणीतून बघणं पूर्ण सुरक्षित आहे, लहान मुलांनासुद्धा, त्या बाबतीत मनात काही शंका ठेवू नका.

दुर्बिणीतून दिशा उलटसुलट होतात हे आधीच माहीत असलेलं बरं. न्यूटोनियन किंवा डॉब्सोनियन अशा आरशाच्या दुर्बिणीत सगळं चित्र उलटं फिरलेलं दिसतं, आणि लेन्सवाल्या दुर्बिणीला ९० अंशांचा डायगोनल, म्हणजे प्रकाश काटकोनात वळवणारा आरशाचा जोड, लावला तर वर-खाली ठीक पण डावं-उजवं आरशासारखं बदलतं. सावली वेगळ्याच बाजूने आली म्हणून गोंधळू नका, दुर्बीण बिघडलेली नाही.

मध्यरात्रीच्या ग्रहणात चंद्र पार डोक्यावर येऊ शकतो आणि तिथे छोट्या ट्रायपॉडच्या दुर्बिणीचं खरं दुखणं कळतं, नळी पायांना अडते आणि मान दुखते. डायगोनल असेल तर तो लावाच, आणि आधी एकदा नळी सरळ वर करून बघा की ती फिरते का.

त्या दिवशीची कामं

फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसाउजेडीच जुळवून घ्या. लांबचा टॉवर किंवा झाडाचा शेंडा मुख्य दुर्बिणीत मध्यभागी आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तोच शेंडा फाइंडरच्या मध्यावर आणा. हे करताना सूर्याच्या दिशेला दुर्बीण चुकूनही वळवायची नाही, फाइंडर पण नाही. अर्ध्या सेकंदात डोळा कायमचा जाऊ शकतो. रात्रीच्या निर्धास्तपणाची सवय दिवसा घेऊन बसू नका.

स्पर्शाच्या निदान अर्धा तास आधी दुर्बीण बाहेर ठेवा म्हणजे ती बाहेरच्या तापमानाला येते, ६ किंवा ८ इंची आरसा असेल तर एक तास. दमट किंवा थंड रात्री लेन्सवर दव पडतं आणि पाच तासांच्या कार्यक्रमात हा प्रश्न येतोच येतो. लेन्सच्या पुढे जाड काळ्या कागदाची किंवा फोमशीटची नळी गुंडाळा, लेन्सच्या व्यासाच्या दीडपट लांब, एवढ्यानेही खूप फरक पडतो. खुर्ची घ्या, स्टूल घ्या मुलांसाठी, लाल कागद लावलेली बॅटरी घ्या, वही-पेन्सिल घ्या. फोन पूर्ण चार्ज.

सावली चढताना काय बघायचं

स्पर्शाच्या साधारण २०-३० मिनिटं आधी चंद्राच्या एका बाजूला धूर लागल्यासारखी मळकट छटा दिसायला लागते, ती उपच्छायेची गडद बाजू. कुठली बाजू? चंद्र स्वतःच्या कक्षेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो, म्हणून त्याची पूर्वेची कड आधी सावलीत शिरते. उत्तर गोलार्धातून दक्षिणेकडे तोंड करून बघाल तर ती डावी बाजू, दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे बघाल तर उजवी. नुकत्याच उगवलेल्या चंद्रावर ही कड खालच्या बाजूला असते. हे सगळं नुसत्या डोळ्यांसाठी, दुर्बिणीत कसं फिरेल ते वर सांगितलंच.

मग स्पर्श होतो आणि पुढचा एक तास माझ्या मते सगळ्यात सुंदर आहे, लोक मात्र या वेळात फोनवर बोलत बसतात आणि खग्रास झाल्यावर परत येतात. तसं करू नका. चंद्र सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे सावलीची कड त्याच्या जमिनीवरून जवळजवळ त्याच वेगाने सरकते. कोपर्निकस विवर ९३ किलोमीटरचं आहे, तर कडेला ते पूर्ण ओलांडायला दीड-दोन मिनिटं लागतात, आणि हे तुम्ही आयपीसमध्ये डोळा लावून प्रत्यक्ष बघू शकता! आकाशात एवढी मोठी गोष्ट हलताना दिसणं किती क्वचित मिळतं याचा विचार करा.

पौर्णिमेला विवरांना स्वतःच्या सावल्या नसतात, म्हणून खड्डे खोल दिसत नाहीत, फक्त उजळ-गडद ठिपके दिसतात. ओळखायला सोपे घ्या: अगदी कडेला ग्रिमाल्डीचा गडद लंबगोल, जवळच अरिस्टार्कसचा झगझगीत पांढरा ठिपका, मग केप्लर, कोपर्निकस, वरती काळ्या तळाचं प्लेटो, खाली टायको आणि त्यातून फुटणारे लांब किरण, आणि पलीकडच्या कडेला संकटांचा समुद्र, मारे क्रिसियम (समुद्र म्हणजे चंद्रावरचे गडद सपाट भाग). चंद्राचा साधा नकाशा शेजारी ठेवा. चंद्र सावलीच्या उत्तर भागातून जातोय की दक्षिण भागातून, यावर विवरांचा क्रम थोडा बदलतो, पण ग्रिमाल्डीची बाजू आधी आणि क्रिसियमची शेवटी हे पक्कं.

आता करायचं काय, तर प्रत्येक विवर सावलीत गेल्याची वेळ वहीत लिहायची. मोठं विवर असेल तर कड त्याला टेकली ती वेळ आणि पूर्ण झाकलं ती वेळ, आणि दोन्हींची सरासरी. फोनचं घड्याळ इंटरनेटवरून जुळलेलं असतं, ते पुरतं, पाच-सहा सेकंदांच्या आत वेळ नोंदवली की छान. हे नुसतं टाइमपास नाही बरं का. पृथ्वीची सावली निव्वळ भूमितीने काढली तर जेवढी येते त्यापेक्षा ती साधारण दोन टक्के मोठी दिसते, वातावरणामुळे, आणि हे १७०२ साली फिलिप द ला हिर या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, पुढे अशाच विवरांच्या वेळा वापरून लोक ते मोजत आले. तुमची वही त्याच कामाची असते.

सावलीच्या कडेचा आकार पण बघा. ती नेहमी गोलाकारच असते, ग्रहण कुठल्याही वेळचं असो, चंद्र उगवताना असो की डोक्यावर. अ‍ॅरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून हेच दिलं होतं. अर्धा चंद्र झाकला गेला की त्या वक्राचा एक तुकडा कागदावर काढा आणि अंदाजाने पूर्ण वर्तुळ करा, चंद्रापेक्षा सावली किती मोठी आहे ते येतं. खरं उत्तर अडीच पटीहून जरा जास्त आहे. मुलांना हे करायला द्या, फार रमतात.

चंद्र पूर्ण बुडाल्यावर

संमीलनाच्या आधी पाच-दहा मिनिटं डोळा आयपीसवरून हलवू नका. प्रच्छायेच्या अगदी कडेला, उजळ भाग आणि लालसर भाग यांच्या मध्ये एक निळसर-हिरवट पट्टा दिसू शकतो. सूर्याचा जो प्रकाश वातावरणाच्या वरच्या थरातून, ओझोनमधून जाऊन चंद्रावर पडतो त्यातला लाल भाग ओझोन शोषून घेतो, म्हणून हा निळा. बाकी खालच्या दाट हवेतून वाकून येणाऱ्या प्रकाशातला निळा विखुरला जातो आणि लाल उरतो, म्हणून चंद्र तांबडा. हाच पट्टा उन्मीलनाच्या वेळी उलट बाजूला परत एकदा दिसतो, पहिल्यांदा हुकला तर तेव्हा बघा. पॉवर कमी असली तरच दिसतो हेही परत सांगते.

फोकस संमीलनाच्या आधीच पक्का करून ठेवा. खग्रासमध्ये चंद्राचा उजेड दहा हजार पट, कधी त्याहूनही जास्त उतरतो आणि मग अंधुक कडेवर फोकस करणं जड जातं. अंधुक झाल्यावर डोळ्यांना दहा मिनिटं द्या, मोबाईल बघू नका. हळूहळू समुद्र दिसायला लागतात, रंग वेगळे होतात, सावलीच्या मध्याकडची बाजू गडद विटकरी आणि बाहेरची बाजू पिवळसर.

ग्रहणाच्या मध्याला रंगाची नोंद करा. आंद्रे दांजाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये यासाठी शून्य ते चार अशी मोजपट्टी दिली आणि ती आजही चालते. शून्य म्हणजे चंद्र जवळजवळ दिसतच नाही. एक म्हणजे करडा-तपकिरी, बारकावे कष्टाने दिसतात. दोन म्हणजे गंजासारखा गडद लाल, मध्य काळपट. तीन म्हणजे विटेसारखा लाल, कड उजळ किंवा पिवळी. चार म्हणजे झगझगीत तांब्याचा किंवा नारिंगी, कड निळसर. हा अंक नुसत्या डोळ्यांनी ठरवायचा, दोघांतिघांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळा लिहायचा आणि मग बघायचं. अर्धा अंक सुद्धा चालतो.

यातून पृथ्वीच्या हवेची अवस्था कळते. १९६३ मध्ये इंडोनेशियातल्या अगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरच्या ग्रहणात चंद्र दिसेनासा झाला. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा मोठा उद्रेक जून १९९१ चा, आणि डिसेंबर १९९२ चं ग्रहणही असंच काळपट होतं. वर गेलेली राख आणि गंधकाचे सूक्ष्म थेंब प्रकाश अडवतात. तुम्ही अंगणात बसून वहीत लिहिलेला दोन किंवा तीन हा अंक म्हणजे अख्ख्या पृथ्वीभोवतीच्या हवेबद्दलची नोंद आहे, म्हणून तो प्रामाणिकपणे लिहा.

खग्रासमध्येच अजून एक गंमत, ताऱ्यांचं पिधान, म्हणजे तारे चंद्राआड झाकले जाणं. एरवी पौर्णिमेच्या उजेडात चंद्राजवळचे बारीक तारे दिसत नाहीत, आता दिसतात, आणि चंद्र तासाला साधारण स्वतःच्या व्यासाएवढा सरकत असल्याने ते एकेक करून त्याच्या पूर्वेच्या कडेआड जातात. चंद्राला वातावरण नाही, म्हणून तारा मंद होत जात नाही, एका क्षणात गायब. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर आपली जागा आणि वेळ टाकून आधीच बघून ठेवा कुठला तारा केव्हा झाकला जाणार आहे, आणि दोन मिनिटं आधीपासून नजर लावून बसा. २१ जानेवारी २०१९ च्या ग्रहणात तर खग्रास नुकतंच सुरू झालेलं असताना चंद्रावर उल्का आदळल्याची ठिणगी अनेकांच्या व्हिडिओत सापडली. असं नेहमी होत नाही, पण व्हिडिओ चालू असेल तर नंतर एकदा नीट तपासा.

फोटो काढायचाच असेल तर

आधी बघा, मग काढा. फोन आयपीसला धरणारा अ‍ॅडॉप्टर घ्या, हाताने धरून पाच तास निघत नाहीत. चंद्रावर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, मग उजेड कमी करा, दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे धक्का बसत नाही. फोनमधला चंद्र ओळखून आपोआप 'सुधारणारा' मोड बंद करा, नाहीतर फोटोत तुम्ही जे बघितलं ते येणारच नाही. मोठा कॅमेरा दुर्बिणीला जोडत असाल तर एफ ८ आणि आयएसओ १०० ला पूर्ण चंद्रासाठी १/२५० सेकंदाच्या आसपास सुरुवात करा, आणि खग्रासमध्ये आयएसओ ८०० ते १६०० करून एका सेकंदापासून चार-पाच सेकंदांपर्यंत वेगवेगळे काढा, कारण चंद्र किती काळपट होईल ते आधी कोणी सांगू शकत नाही. ट्रॅकिंग नसेल तर एका सेकंदाच्या वर कडा पसरतात, मग आयएसओ वाढवा.

आवरताना

उन्मीलनानंतर बहुतेक जण झोपायला जातात. पण विवरं आता त्याच क्रमाने बाहेर येतात, ग्रिमाल्डीची बाजू आधी, त्यांच्याही वेळा घेतल्या तर नोंद पूर्ण होते, आणि स्पर्शाच्या वेळी ढग आले असतील तर हीच दुसरी संधी. मोक्ष झाल्यावर वहीत ठिकाण, दुर्बीण, पॉवर आणि हवा कशी होती ते लगेच लिहा, सकाळी आठवत नाही. दुर्बीण आत आणल्यावर लेन्सवर दव असेल तर पुसू नका आणि झाकणही लावू नका, नळी थोडी खाली झुकवून तशीच खोलीत उभी ठेवा, पूर्ण सुकली की मग झाकण लावून डब्यात.